दर्या, दऱ्या आणि नवा लॅपटॉप



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधल्या काळात घरात नवा लॅपटॉप आला. कुठला घेतला, केवढ्याला पडला, हे बहुतेकांनी फोनवर विचारून घेतले आहेच, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. पण तो घेताना आणि विशेषतः त्याला 'मराठी करून' घेताना जे डोक्यात घोळत राहिले ते थोडे इतिहासाकडे जाणारे आहे. शिवाय शेवटी एक घरगुती निकाल लागला आहे, तो भाऊबंदांनी वाचणे आवश्यक आहे. ज्यांना तेवढाच हवा असेल त्यांनी खाली उडी मारावी. मी काही पट घ्यायला बसलेलो नाही.

जुना लॅपटॉप चालत होता, पण विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि ११ घ्यायला त्याच्या अंगात बळ नव्हते. हे झाले सांगण्यासारखे कारण. खरे कारण अण्णांची टिपणे.

आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षे घालवून आमच्या घराण्याची टिपणे तयार केली होती. कुळवृत्तांत म्हणावा इतकी ती मोठी नाहीत. श्रीवर्धनात घराणे कधी आले, वाड्या कशा लागल्या, कुणाचे कुठे लग्न झाले, कोण मुंबईला गिरणीत गेले, कोण परतले, असे सगळे. चुलत घराण्याकडे मोडीतले कागद होते, ते अण्णा भिंग न लावता वाचत. १९९९ साली त्यांनी हे सर्व पनवेलला एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतले आणि पंचवीस प्रती झेरॉक्स करून नातेवाइकांना वाटल्या. अण्णा २००९ साली गेले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले, ते नेमके आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर. माडापोफळींची काय दशा झाली ते मी तेव्हाच लिहिले होते. कौले उडाली, ट्रंकेत पाणी शिरले आणि आमची प्रत लगदा झाली. चुलत घरातले मोडी कागदही त्याच दिवशी गेले. "आमच्याकडे आहे हो एक प्रत" म्हणणाऱ्या सर्वांना मी पाच वर्षे फोन करतो आहे. प्रत काही कुणाला सापडलेली नाही.

उरली एक सीडी. अण्णांच्या अक्षरात वर 'घराणे – अंतिम' असे लिहिलेली.

आता लॅपटॉप निवडण्याविषयी थोडक्यात. दुकानात गेलात की मुलगा रॅम, एसएसडी, प्रोसेसर अशी आरती म्हणतो. आपल्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला ८ जीबी रॅम चालते, १६ असेल तर पुढची पाच-सहा वर्षे बघायला नको. एसएसडी हवीच, कारण तिच्यात फिरणारी चकती नसते. बाकी मी तीन गोष्टी बघितल्या. पडदा चकाकणारा नको, कारण ओटीवर बसून लिहायचे तर मागचे आभाळ सगळे त्यात दिसते. बॅटरी चांगली हवी, कारण आमच्याकडे वीज पावसाळ्यात पाहुण्यासारखी येते. आणि कळा टपोऱ्या हव्यात. किनाऱ्यावरच्यांसाठी एक जादा सूचना: खारी हवा यंत्राला खाते. वापर नसताना पिशवीत ठेवावा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि आठवड्यातून दोनदा तरी चालू करावा, म्हणजे आतली ऊब दमटपणा घालवते. सीडी घालायची सोय नव्या लॅपटॉपांत जवळपास नाहीशीच झाली आहे, म्हणून यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह वेगळा घेतला.

दुकानात मी विचारले, "मराठी अक्षरे छापलेला कळफलक आहे का?" मुलाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी लॅपटॉपला कंदिलाची वात मागितली असावी. शेवटी म्हणाला, "काका, स्टिकर मिळतात." नातीने मागून माझा सदरा ओढला.

पण प्रश्न गैर आहे का? इंग्रजी कळफलकाची मांडणी शोल्सच्या टंकलेखन यंत्रापासून आली. त्याचे पेटंट १८६८ चे, आणि रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ साली बाजारात आणले. दीडशे वर्षे झाली, यंत्र बदलले, कळांच्या जागा तशाच आहेत. लोखंडी दांडे गेले, शाईची फीत गेली, पण ती मांडणी माझ्या मांडीवरच्या यंत्रावर आजही आहे. आणि याच दीडशे वर्षांत आपल्या लिपीला मात्र दर पिढीला नव्या यंत्रात शिरण्यासाठी अंग चोरावे लागले. तो सगळा प्रवास मला फार रंजक वाटतो.

मराठी छापायला सुरुवात झाली ती पार बंगालात. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापले. त्याला मराठी शिकवायला वैजनाथशास्त्री होते. पुढे १८१० मध्ये त्याचा मराठी कोश निघाला, त्यातले मराठी शब्द मोडीत होते. म्हणजे व्यवहारात चालणारी लिपी ती मोडी, हे त्या परक्या माणसाने ओळखले होते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले, पण शिळाछापावर. शिळाछापात खिळ्यांची कटकटच नाही. लेखनिकाने सुंदर अक्षरात लिहायचे, ते दगडावर उतरवायचे आणि छापायचे. देवनागरीला दगड मानवला तो यामुळेच.

खिळे पाडायचे म्हटले की अडचण सुरू. इंग्रजीला मोठी सव्वीस, छोटी सव्वीस, आकडे आणि चिन्हे. आपल्याला मूळ अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरे, आणि क्ष, ज्ञ, त्र, द्ध, ह्म यांच्यासारखी जोडाक्षरे, ती तर मोजावी तितकी थोडी. उकार खाली, मात्रा वर, वेलांटी डावीकडे. अक्षरजुळणी करणाऱ्यापुढे शेकडो घरांच्या पेट्या असत. या असल्या पसाऱ्यातून देखणे अक्षर उभे केले ते जावजी दादाजींनी (१८३९-१८९२). गरिबीत वाढलेला हा मुलगा लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागला, आणि त्याच माणसाने पुढे निर्णयसागर काढले. त्यांचे सोबती राणोजी रावजी आरू यांनी ठसे कोरले. निर्णयसागरची संस्कृत पुस्तके काशीपर्यंत गेली आणि 'मुंबई टाइप' म्हणून ते वळण देशभर ओळखले गेले. माझ्या आजोबांचे निर्णयसागरी पंचांग मी पाहिले आहे, त्यातला 'क्ष' बघत बसावा असा होता.

मग सुधारकांची पाळी आली. खिळे कमी केले तर छपाई स्वस्त होईल हा विचार साधा होता आणि बरोबरही होता. टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या घटवण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात (१९२४-३७) लिपिशुद्धीचा प्रचार केला. त्यांच्या पद्धतीत 'अ' चीच बाराखडी करायची, म्हणजे इ, ई, उ, ऊ, ए ही वेगळी अक्षरे नकोतच. 'किर्लोस्कर' मासिकाने ही पद्धत उचलली होती. जुन्या अंकांत 'अेक' वाचताना लहानपणी मला गंमत वाटायची. १९५३ साली लखनौला तर परिषदच भरली आणि ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उजवीकडे हलवायचे ठरले. उत्तर प्रदेशाने ते काही काळ पाठ्यपुस्तकांत वापरून पाहिले आणि चार-पाच वर्षांत सोडून दिले. मास्तर म्हणून सांगतो, पहिलीच्या मुलाला वेलांटी कुठल्या बाजूला हे कळायला दोन महिने लागतात. ती बाजू सरकारी ठरावाने बदलली तर सगळी गुरुजी मंडळी रजेवर गेली असती.

टंकलेखन यंत्राने याहून कडक शिस्त लावली. चाळीस-पंचेचाळीस कळा, प्रत्येकीवर दोन खुणा, म्हणजे नव्वदच्या आसपास जागा. त्यात सगळी देवनागरी बसवायची. तोड काढली ती हुशारीची होती. आपल्या बहुतेक अक्षरांना उजवीकडे उभा दंड आहे. तो दंड काढला की अर्धे अक्षर. म्हणून यंत्रावर काही अक्षरे पूर्ण नाहीतच, अर्धे अक्षर आणि मग काना, की झाले पूर्ण अक्षर. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, अक्षर नंतर, कारण कागदावर ती आधी येते. रफार मात्र अक्षर संपल्यावर मारायचा. थोडक्यात, जे डोळ्याला ज्या क्रमाने दिसते त्या क्रमाने मारायचे, बोलताना कुठला उच्चार आधी येतो त्याच्याशी यंत्राला कर्तव्य नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा मंडळी, पुढे तिच्यावरच सगळे घोडे अडणार आहे.

१९५५ साली गोदरेजने भारतात बनवलेले पहिले टंकलेखन यंत्र आणले. १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, सरकारी कागद मराठीत होऊ लागले, आणि तालुक्या-तालुक्याला टायपिंग क्लास निघाले. 'मराठी ३०', 'मराठी ४०' ही तेव्हा नोकरीची किल्ली होती. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुली त्या एका प्रमाणपत्रावर पंचायत समितीत आणि कचेऱ्यांत लागल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या खडखडणाऱ्या यंत्रावर एक प्रकरण लिहायला हवे. गोदरेजने २००९ साली यंत्रे बनवणे थांबवले, आणि २०११ मध्ये त्याची बातमी जगभर झाली. शेवटचा कारखाना आपल्याच शिरवळचा.

आता संगणक. इथे एकाच काळात दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट विद्वानांची. कानपूरच्या आयआयटीत सत्तरीच्या दशकापासून भारतीय लिप्यांवर काम चालू होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाले आणि ते काम तिथे पुढे गेले. 'इस्की' नावाची प्रमाण संकेतावली १९९१ साली भारतीय मानक झाली. तिचा विचार टंकलेखन यंत्राच्या अगदी उलटा होता: अक्षर दिसते कसे ते विसरा, उच्चारले कसे जाते ते साठवा. 'कि' म्हणजे आधी 'क', मग ऱ्हस्व इकार. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष. पडद्यावर ते कसे मांडायचे ही संगणकाची चिंता. पाणिनीला आवडले असते. याच्याच जोडीला इन्स्क्रिप्ट कळफलक आला: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, 'क' ची कळ शिफ्ट धरून दाबली की 'ख'. आणि सर्व भारतीय लिप्यांना मांडणी तीच. याच १९९१ च्या ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली.

दुसरी वाट दुकानदारांची. १९८५ साली पेजमेकर आले आणि नव्वदीत गावोगाव डीटीपी सेंटरे निघाली. त्यांना उद्या सकाळी लग्नपत्रिका द्यायची होती, प्रमाण संकेतावलीची वाट बघायला सवड नव्हती. त्या वेळच्या विंडोजला देवनागरी येतच नव्हती. मग युक्ती अशी केली: इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणकाला वाटते तो इंग्रजीच लिहितो आहे. पोटात इंग्रजी, अंगावर मराठीचा सदरा. तुकडे तेच टंकलेखन यंत्राचे, अर्धा 'ग' वेगळा, काना वेगळा. पण कुठल्या घरात कुठला तुकडा याचा नियम काही नाही, प्रत्येकाने आपापले ठरवले. फॉन्टची चोरी होऊ नये म्हणून पाठीमागे कुलूपवजा डोंगल लावावे लागे, तेही योग्यच होते, त्यामागे कुणाची तरी मेहनत होती. मला या मंडळींविषयी तक्रार करायची नाही. नव्वदीतली मराठी पुस्तके, दिवाळी अंक, जिल्ह्याची वर्तमानपत्रे, हे सगळे त्यांच्यामुळे निघाले. पण तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे सदरा गळून पडतो आणि खालचे इंग्रजी दिसते. तेही धड इंग्रजी नव्हे, तर कंस, टोप्या घातलेले स्वर, पौंडाची खूण, अर्धविराम यांची भेळ.

अण्णांची टिपणे या दुसऱ्या वाटेवरची.

पहिली वाट घरापर्यंत पोचायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये प्रथम देवनागरी युनिकोड आले, सोबत 'मंगल' हा टंक. तो र. कृ. जोशींचा (१९३६-२००८). आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी पिढ्या घडवल्या. आपण जालावर जी पहिली मराठी वाचली, ती बहुतेक त्यांच्या अक्षरात. विंडोज एक्सपीत मात्र ती सोय झाकून ठेवलेली असे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकोनात टिचकी मारायची, मग संगणक मूळ सीडी मागणार, आणि ती सीडी दुकानदाराने दिलेलीच नसायची. आपल्यापैकी जुन्या अनुदिनीकारांना हे आठवत असेल. वेलांटी भलत्या जागी जायची, ठिपक्यांची वर्तुळे दिसायची. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तो याच काळात. आणि आपण बहुतेक जण लिहीत होतो ते 'बरहा'मध्ये, जे शेषाद्रिवासु चंद्रशेखरन या कन्नड गृहस्थांनी मुळात कन्नडसाठी केलेले. बरहा म्हणजे कन्नडमध्ये लेखन. सीमाप्रश्न जागच्या जागी आणि आम्ही रोज रात्री कन्नड माणसाच्या खांद्यावर बसून मराठीचा अभिमान लिहीत होतो! (हलके घ्यावे.) मग 'गमभन' आले, २००७ साली व्हिस्टात देवनागरी आधीपासून बसवलेली आली, आणि ती कटकट संपली.

आजच्या लॅपटॉपवर हे काम पाच मिनिटांचे आहे. सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, तिथे भाषा वाढवा म्हटले की यादीत मराठी असते. कळफलकात दोन पर्याय घेता येतात, एक इन्स्क्रिप्ट, दुसरा 'फोनेटिक', जो २०१९ पासून विंडोजमध्येच आला आहे. त्यात इंग्रजी स्पेलिंग मारले की मराठी उमटते. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. नात फोनेटिकवर माझ्या तिप्पट वेगाने लिहिते. मी इन्स्क्रिप्टवरच राहिलो. मराठी लिहिण्यासाठी मनात आधी इंग्रजी स्पेलिंग करायचे हे मला रुचत नाही. हा हट्ट असेल, पण सत्तरी ओलांडलेल्याला एखादा हट्ट शोभतो. टंकांत एक बारीक गोष्ट बघावी: आपला 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळ्या वळणाचे आहेत, आणि ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ते वळण नक्की केलेले आहे. काही टंकांत मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडली की हे वळण आपोआप येते. 'मंगल' आता विंडोजमध्ये आधीपासून बसवलेला नसतो.

आता ती घरगुती गोष्ट.

सीडी शाबूत होती. तिच्यात पेजमेकरच्या फायली होत्या, त्या उघडणारे काही आमच्याकडे नाही. पण शेजारी एक वर्डची फाइल होती, डीटीपीवाल्याने मजकूर आधी त्यात घेतला असावा. ती उघडली. एकशे सव्वीस पाने नुसती कंस आणि टोप्या. मला गलबलून आले, खरे सांगतो. अण्णांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची मोडी वाचली होती, आणि मला अण्णांचे १९९९ सालचे लिहिणे वाचता येत नव्हते.

नात म्हणाली, "आजोबा, थांबा. फॉन्टचे नाव वर दिसतंय." खरेच, फॉन्ट नसला तरी वर्डच्या चौकटीत त्याचे नाव राहते. त्यावरून त्या फॉन्टचे युनिकोड करणारे एक परिवर्तक तिला जालावर फुकट मिळाले. कुणीतरी बसून प्रत्येक तुकड्याचे कोष्टक केलेले. मजकूर त्यात घातला आणि क्षणात पडद्यावर मराठी आली. पहिले वाक्य अण्णांच्या आवाजातच ऐकू आले.

चुका होत्या, त्या अपेक्षितच. वेलांट्या दिसण्याच्या क्रमाने ठेवलेल्या असल्यामुळे जोडाक्षरापाशी अडखळल्या होत्या, 'स्थिती'चे तुकडे झाले होते. रफार एखाद्या घराने चुकले होते. हे मी जन्मभर वह्या तपासून सरावलेल्या डोळ्यांनी दुरुस्त करत गेलो. पण पंधराव्या पानाच्या पुढे एक वेगळीच गोष्ट दिसली. 'दुसऱ्या'चे 'दुसर्या', 'पायऱ्या'चे 'पायर्या', 'वाऱ्या'चे 'वार्या'. सगळीकडे. चिकटलेला 'र' जाऊन डोक्यावरचा रफार आला होता.

हा अर्धचंद्रासारखा 'र' मराठीचा खास. हिंदीला त्याची गरज पडत नाही, आणि ते कोष्टक करणाऱ्याने हिंदीच डोळ्यांपुढे ठेवली असावी. त्याने त्या तुकड्याला साधा 'र' आणि हलन्त दिला होता. साध्या 'र' ला हलन्त लावून पुढे 'य' आला की संगणक रफार काढतो, त्याचे बरोबरच आहे. आपल्याला हवा असतो तो 'ऱ', खाली टिंब असलेला. युनिकोडमध्ये हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतला एक 'र' दाखवण्यासाठी आहे, त्याचे अर्धे रूप मराठीच्या कामी आले. इन्स्क्रिप्टवर 'र' ची कळ शिफ्ट धरून दाबायची, मग हलन्त, मग 'य'.

'दुसर्या' वाचताना कुणी अडत नाही. पण अण्णांच्या टिपणांत मूळ वाडीचा उल्लेख येतो, आणि तिथे पडद्यावर होते: "मूळ वाडी दर्याच्या अंगास". आता हे मूळचे काय? दर्या म्हणजे समुद्र. पण दरा म्हणजे डोंगरातली घळ, त्याचे 'दऱ्याच्या'. श्रीवर्धनला एका बाजूला दर्या आहे आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. आपल्या घराण्यात प्रत्येक जण सांगतो की आपली पहिली वाडी समुद्रावरची. मीही मुलांना तेच सांगत आलो. भाऊबंदांत त्या समुद्राकडच्या तुकड्याचा मान 'मूळ' म्हणून आहे, गेल्या वर्षी तो विकायचा विषय निघाला तेव्हा "मूळ वाडी कशी विकायची" म्हणून दोन घरांत बोलणे बंद झाले, हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे.

निवाडा कुठे होता? त्या कंस-टोप्यांच्या भेळेत. जुन्या फॉन्टमध्ये रफाराचा तुकडा एका घरात, चिकटलेल्या 'र' चा दुसऱ्या घरात. रफार काना देऊन झाल्यावर शेवटी यायचा, चिकटलेला 'र' मात्र 'य' च्या आधी. पनवेलच्या त्या अनोळखी टायपिस्टने अण्णांच्या हस्तलिखिताबरहुकूम कुठला मारला ते मूळ फाइलीत तसेच होते, परिवर्तकाने फक्त दोन्ही एक केले होते. नातीने कोष्टकातली ती एक ओळ बदलली आणि सगळा मजकूर पुन्हा त्यातून काढला. 'दर्या' आणि 'दऱ्या' मिळून एकोणीस जागा होत्या. सातांत समुद्र राहिला, बारांत घळ आली. होड्या, मासळी, बंदर या सातांत. टायपिस्टने कुठेही गल्लत केलेली नाही, त्याला माझा नमस्कार.

मूळ वाडी बारांत आहे. "मूळ वाडी दऱ्याच्या अंगास, विहिरीच्या वरल्या बाजूस." समुद्राकडची जमीन दोन पाने पुढे येते, नंतर घेतलेली म्हणून, आणि तिथे स्पष्ट 'दर्या' आहे.

दोन्ही घरांना फोन करून सांगितले आहे. एका घराचे म्हणणे, टायपिस्टवर कुणी विश्वास ठेवावा? दुसऱ्या घरातल्या काकू नव्वदीच्या आहेत, त्या एवढेच म्हणाल्या, "डोंगराच्या पायथ्याला करवंदीत एक चिरेबंदी विहीर आहे की. सासूबाई तिथे दिवा लावायला जायच्या. का जायच्या ते आम्ही विचारले नाही."

टिपणांची ऐंशी पाने तपासून झाली आहेत. युनिकोडमध्येच ठेवतो आहे, एक प्रत नातीकडे, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक कागदावर छापून. महिनाभरात सर्वांना पीडीएफ पाठवीन. रान वाळले की विहीर पाहायला जायचे आहे. कोयता आणि धाकट्यांपैकी दोघे-तिघे लागतील, ज्यांना यायचे असेल त्यांनी कळवावे.